औरादची ज्वारी आणि मैद्याचा बाजार

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने एक हुकूम काढला. गोबी मंचुरियन आणि 'कॉटन कँडी', म्हणजे आपल्या जत्रेतला म्हातारीचा कापूस, या दोन पदार्थांत कृत्रिम रंग घालण्यास राज्यभर बंदी झाली. सरकारी तपासणीत गोबी मंचुरियनचे १७१ नमुने घेतले होते. त्यांपैकी १०७ अयोग्य ठरले. हुकूम मोडणाऱ्यास दहा लाखांपर्यंत दंड आणि सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद होऊ शकेल, असे आरोग्यमंत्र्यांनी बजावले. त्याच वर्षाच्या आरंभी गोव्यात म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत या पदार्थाच्या गाड्या लावू नयेत असे ठरविले होते. कोबीच्या एका फुलासाठी दोन राज्यांनी एवढी धावपळ करावी, हे वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. परंतु त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जो पदार्थ तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्या खेड्यापाड्यांत कोणास ठाऊक नव्हता, तो आता इतका घरोघरचा झाला आहे की त्याच्यासाठी सरकारला फर्मान काढावे लागते.

हे मंचुरियन चीनमधून आलेले नाही. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात ते प्रथम केले, असे सांगितले जाते. तेथे ते कोंबडीचे होते. पुढे फुलकोबीचे झाले, हॉटेलातून हातगाडीवर आले आणि कर्नाटकात तर ते बसस्थानकाजवळच्या संध्याकाळचे खाद्य होऊन बसले. बेंगळुरूच्या काचेच्या दुकानांतला पिझ्झा आणि तालुक्याच्या गावी पेटणाऱ्या या गाड्या, ही एकाच उद्योगाची दोन टोके आहेत. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती पहिल्या टोकाची. आज आपण दुसऱ्या टोकाकडून, बीदर जिल्ह्यातील औरादकडून, या उद्योगाकडे पाहू.

औराद कोठे आहे

आपल्या शहरातील जुन्या मराठी घराण्यांना औरादची ओळख करून देण्याची वास्तविक गरज नाही. काचीगुडा आणि सुलतान बाजारातील कित्येक कुटुंबांचे मूळ गाव बीदर, उदगीर, भालकी याच पट्ट्यात सापडते. तथापि नव्या पिढीसाठी सांगतो. बीदरहून देगलूर-नांदेडच्या दिशेने निघाले म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांवर हे अमरेश्वराचे गाव लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामी मुलखातील बीदर जिल्ह्याची तीन शकले झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद आणि खुद्द बीदर म्हैसुरात राहिले. सरहद्दीची रेघ कागदावर पडली, पण ताटावर पडली नाही. औरादच्या घरात मराठी, कानडी, उर्दू यांपैकी काहीही बोलत असोत, दुपारच्या जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी हीच होती. कानडी माणूसही तिकडे खानावळीला 'खानावळी'च म्हणतो.

बीदर आणि धान्य यांचे नाते मराठी मनात फार जुने आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात उपाशी प्रजेसाठी बीदरच्या पातशहाची कोठारे उघडली आणि विठोबाने विठू महार होऊन त्या धान्याची किंमत बीदरला भरली, ही कथा आपल्या आज्यांनी आपणास सांगितली आहे. त्याच जिल्ह्यात बसवकल्याण आहे, जेथून बाराव्या शतकात शरणांनी दासोहाची शिकवण दिली. बीदरलाच नानक झिऱ्याचा लंगर आहे, जेथे येईल त्याला एकाच ओळीत बसवून जेवू घालतात. तेव्हा पुष्कळ लोकांना, थोड्या वेळात, एकसारखे अन्न देणे ही विद्या या मुलखाला अमेरिकेने शिकविली असे कोणी समजू नये. अमेरिकेने त्या विद्येचा व्यापार केला.

हॉटेलाची जुनी तक्रार

बाहेरच्या खाण्याविषयीची तक्रारही नवी नाही. चहा आला तेव्हा वडीलधाऱ्यांनी तो विषासमान मानला. उडपी हॉटेले आली तेव्हा 'घरात अन्न नाही काय?' असा प्रश्न तरुणांना विचारला गेला. मुंबईत माटुंग्याला रामा नायक यांची उडपी खाणावळ १९४२ पासून आहे. आज तिच्याकडे आपण परंपरा म्हणून पाहतो. इडली-डोसा हा त्या काळचा झटपट खाण्याचा प्रकारच होता. पीठ आदल्या रात्री तयार, माल ठराविक, चव ठराविक, गिऱ्हाईक दहा मिनिटांत मोकळे. आपल्या शहरातील इराण्याचे दुकान याच जातीचे. आजोबांना जे अनाचार वाटले ते नातवाला संस्कृती वाटते. म्हणून पिझ्झा पाहून केवळ नाक मुरडणे हे काही विश्लेषण नव्हे.

या तक्रारीत आणखी एक गोष्ट दडलेली असे आणि ती स्पष्ट बोलणे भाग आहे. हॉटेलात कोण कोणाच्या शेजारी बसतो, हे तेथे विचारता येत नसे. जुन्या घरांना खरा त्रास त्याचाच होता. खेड्यांतील चहाच्या दुकानी मात्र दलितांची कपबशी वेगळी ठेवण्याची रीत स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ काळ चालली. सार्वजनिक उपाहारगृहांत प्रवेश करताना कोणावर जातीचा निर्बंध असता कामा नये, हे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात मुद्दाम लिहावे लागले, ते उगीच नव्हे. आज गाडीवरील कागदी बशी सर्वांना एकच मिळते आणि एकदा वापरून फेकली जाते. ज्याच्या आजोबांना ओंजळीत पाणी घ्यावे लागले, त्याच्या नातवाला त्या बशीत काय दिसत असेल, याचा विचार भाकरीचे गुणगान करणाऱ्यांनी आधी करावा.

१९९५ सालच्या दोन गोष्टी

१९९१ च्या आर्थिक धोरणाने परदेशी भांडवलाला दारे उघडली आणि चारच वर्षांनी, १९९५ च्या जूनमध्ये, बेंगळुरूच्या ब्रिगेड रस्त्यावर 'केंटकी'चे कोंबडीचे दुकान निघाले. प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने त्याला कडाडून विरोध केला. माणसाच्या तोंडचे धान्य कोंबड्यांना घालून ते मांस श्रीमंतांना विकण्याची ही पद्धत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महापालिकेने परवाना काढून घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. ३० जानेवारी १९९६ रोजी रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी दुकानाची मोडतोड केली. दुकान तरीही चालू राहिले. त्याच १९९६ साली दिल्लीत 'डोमिनोज' आणि 'मॅकडोनाल्ड्स' ही दोन दुकाने निघाली. आज 'केंटकी'ची देशात हजारावर आणि 'डोमिनोज'ची दोन हजारांच्या घरात दुकाने आहेत.

त्याच १९९५ साली सरहद्दीच्या अलीकडे दुसरी गोष्ट घडली. महाराष्ट्रात नव्याने आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. मोक्याच्या सरकारी जागा दिल्या, अनुदान दिले, तरुणांना रोजगार मिळेल असे सांगितले. पुढे अनुदान थकले, सरकार बदलले आणि योजना बंद पडली. पाट्या मात्र राहिल्या. पाटी झुणका-भाकरीची आणि आत वडापाव किंवा 'चायनीज', असा देखावा महाराष्ट्राच्या अनेक शहरांनी वर्षानुवर्षे पाहिला.

या दोन गोष्टी शेजारी मांडल्या म्हणजे प्रश्न नेमका होतो. ज्या दुकानावर दगड पडले ते वाढले. ज्या दुकानाला सरकारने जागा आणि पैसा दिला ते बुडाले. औरादवर राज्य बेंगळुरूचे आणि ताट महाराष्ट्राचे. या दोहोंपैकी कोणती वाट त्याच्या वाट्याला आली ते बसस्थानकावरच्या गाड्या सांगतात. असे का व्हावे? लोकांना भाकरी आवडत नाही म्हणून, हे उत्तर खरे नाही. रविवारी मुद्दाम मोटार काढून ढाब्यावर भाकरी खाण्यास जाणारे आपल्याच शहरात थोडे नाहीत.

धंदा कशावर चालतो

झटपट खाद्याच्या दुकानात विकला जाणारा मुख्य माल म्हणजे खात्री. औरादचा मुलगा बीदरला खातो तोच जिन्नस त्याला नांदेडला आणि हैदराबादेत मिळतो. तीच चव, तेच वजन, जवळजवळ तोच भाव. या खात्रीसाठी दुकानाच्या मागे फार मोठी यंत्रणा उभी असते. 'मॅकडोनाल्ड्स'ने भारतात पहिले दुकान उघडण्यापूर्वी काही वर्षे केवळ माल पुरविणारी माणसे तयार करण्यात घालविली. चीज बारामतीच्या दुग्धशाळेतून, कोशिंबिरीचा पाला तळेगावच्या शेतातून, टिक्क्या तळोज्याच्या कारखान्यातून आणि हे सर्व थंड गाड्यांतून दुकानापर्यंत. म्हणजे परदेशी नावाच्या त्या घासात महाराष्ट्राची जमीन आणि मजुरी पुष्कळ आहे. गोमांस आणि डुकराचे मांस त्यांनी येथे ठेवलेच नाही. बटाट्याची टिक्की पावात घालून विकली. गिऱ्हाइकाच्या धर्माचा इतका अभ्यास आपल्या किती दुकानदारांनी केला असेल?

आपल्याकडेही हे ओळखणारे निघाले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी ज्या वडापावाची गाडी लावली, त्या वडापावाची २००१ मध्ये 'जंबो किंग' आणि २००४ मध्ये 'गोली' या नावांनी दुकानांची साखळी झाली. 'गोली'ने तर वडेही कारखान्यात करून, गोठवून, गावोगाव पाठविण्याची पद्धत घेतली. गाडीवरचा वडापाव आणि साखळीतला वडापाव यांत चवीचा निवाडा प्रत्येकाने आपापला करावा. पण बटाटेवडा गोठवता येतो, मैद्याचा पाव यंत्रातून निघतो, म्हणून हे जमले, एवढे लक्षात ठेवावे.

ज्वारीची अडचण नेमकी येथे आहे. गव्हात चिवटपणा देणारे जे द्रव्य असते ते ज्वारीत नाही. मैद्याचा गोळा ताणला तर ताणतो, लाटला तर लाटतो, यंत्रातून सरकतो, थंडीत टिकतो. ज्वारीचे पीठ ताजे असावे लागते, उकळते पाणी घालून मळावे लागते आणि मळल्याबरोबर हाताने थापावे लागते. जरा उशीर झाला की भाकरीला चिरा पडतात. तव्यावर घातल्यावर वरून पाणी फिरवायचे, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. हे कसब हातातच असते आणि ते हात आजवर जवळजवळ सर्वस्वी बायकांचे होते. ज्या घरात भाकरीची टोपली भरलेली असे, त्या घरात कोणीतरी पहाटेपासून चुलीच्या धगीत बसलेले असे. आता तीच बाई शाळेत शिकविते, अंगणवाडी चालविते, बचत गटाच्या सभेस जाते, मजुरीस जाते. तिची मुलगी बीदरला महाविद्यालयात आहे. संध्याकाळी गाडीवरून नूडल्सची पुडी घरी आली तर तिला जो एक तास मिळतो, त्याची किंमत भाकरी खाणाऱ्याने कधी मोजलीच नव्हती.

शेताकडून पाहिले तर

तरीही हा व्यवहार औरादच्या लाभाचा आहे असे म्हणता येत नाही. गाडीवरच्या बशीत काय काय असते ते पाहा. मैदा आणि मक्याचे पीठ बाहेरून येते. बटाटा बाहेरून येतो. तळणीचे तेल बहुधा पामचे, म्हणजे इंडोनेशिया-मलेशियाचे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आपण परदेशांतून आणतो. याच औराद-भालकी-उदगीरच्या काळ्या रानात रब्बीच्या ज्वारीला करडईच्या पाटा असत. करडईला काटे, म्हणून गुरे पिकात शिरत नसत. आणि बियांचे तेल घाण्यावर निघे. एका रानातून भाकरी, तेल आणि गुरांना कडबा, तिन्ही मिळत. आता खरिपात सोयाबीन आले, करडई मागे हटली, ज्वारी घरापुरती उरली. आणि कडबा कमी झाल्याने देवणी जातीची गुरे सांभाळणेही जड जाऊ लागले.

याचा सगळा दोष गाडीवाल्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्वारीला ताटातून पहिला धक्का स्वस्त धान्य दुकानाने दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे भाव होते. पण दुकानात प्रत्यक्ष मिळे ते बहुतेक तांदूळ आणि गहू. त्याच वर्षी कर्नाटकाने 'अन्नभाग्य' योजना काढली, तीही मुख्यतः तांदळाची. जानेवारी २०२३ पासून केंद्राचे धान्य मोफत झाले. गरिबाच्या घरची चूल त्याने पेटती राहिली, हे त्याचे मोठे पुण्य. पण जो शेतकरी ज्वारी पिकवितो त्याच्याच घरात भात शिजू लागला, हा त्याचा परिणाम. बेंगळुरूत १६ ऑगस्ट २०१७ रोजी इंदिरा कँटीन सुरू झाली. पाच रुपयांत न्याहारी, दहा रुपयांत जेवण. उत्तम सोय, पण तिच्या ताटातही आरंभी इडली आणि भाताचेच प्रकार मुख्य. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि ते भारताच्याच सूचनेवरून. भाषणे पुष्कळ झाली. भाकरी मात्र भाषणाने फुगत नाही.

कलबुर्गीचा धडा

शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात अलीकडे जे घडले आहे ते म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखे आहे. तेथे महिला बचत गटांना एकत्र आणून त्यांच्या ज्वारीच्या भाकरीला 'कलबुर्गी रोट्टी' असे एक नाव देण्यात आले. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात या बायकांचा उल्लेख केला. त्यांच्या सहकारी संस्थेत रोज तीन हजारांवर भाकरी होतात आणि बेंगळुरूत त्यांचा विक्रीचा खण निघाला आहे, असे त्यांनी सांगितले. ज्या बेंगळुरूने १९९५ मध्ये कोंबडीचे दुकान पाहिले, त्याच शहरात तीस वर्षांनी कलबुर्गीची भाकरी नाव लावून उभी राहिली.

यात आणि झुणका-भाकर केंद्रांत फरक काय? झुणका-भाकरीत भाव सरकारने ठरविला आणि तो एक रुपया ठरविला. म्हणजे थापणाऱ्या हाताची किंमत जवळजवळ शून्य धरली. घरात जो हिशेब होता तोच सरकारने बाजारात मांडला. तो टिकला नाही यात नवल नाही. कलबुर्गीत थापणारी बाई संस्थेची सभासद आहे आणि भाकरी नावानिशी, ठराविक प्रतीची, भाव घेऊन विकली जाते. शिवाय आपल्या भागात कडक भाकरी आहेच. पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवलेली ही भाकरी कित्येक आठवडे टिकते. सोलापूरकडे ती शेंगदाण्याच्या चटणीसह पुड्यांत विकली जाते. गोठविण्याचा कारखाना नसताना टिकाऊ अन्न करण्याची ही युक्ती आपल्या बायकांनी कधीच काढून ठेवली होती. तिला दुकानाची शिस्त काय ती मिळावयाची होती.

कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तूर तिची, ज्वारी तिची, आता भाकरीही तिची. औरादची माती त्याच काळ्या रानाची आहे, ज्वारी तीच आहे आणि हातही तेच आहेत. उणे आहे ते संस्थेचे.

आपण काय करावे

इटलीत १९८६ साली रोमच्या भर चौकात 'मॅकडोनाल्ड्स' निघाले तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या मित्रांनी निषेध केला, आणि पुढे त्यातून सावकाश, स्थानिक अन्नाची चळवळ उभी राहिली. तेथल्या लोकांनी निषेधानंतर गावोगावच्या चीजला, धान्याला, भाजीला गिऱ्हाईक मिळवून देण्याचे काम हाती घेतले. नंजुंडस्वामींच्या आंदोलनातील प्रश्न खरा होता. त्याच्या पुढचे दुकान उघडण्याचे काम मात्र आपल्याकडे तीस वर्षे राहून गेले.

औरादच्या गाडीवाल्याकडून आपण रंग न घालण्याची आणि तेच ते तेल पुन्हा न तापविण्याची अपेक्षा करावी, आणि ती कायद्याने पुरी करून घ्यावी. त्याचा धंदा बुडावा अशी इच्छा धरू नये. तो बहुधा आपल्याच एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा असतो. पण त्याच्या गाडीशेजारी दुसरी एक गाडी उभी राहण्यास काय हरकत आहे? गरम भाकरी, झुणका, ठेचा, ताक. ठराविक वजन, ठराविक भाव, स्वच्छ हात. बचत गट आहेत, बसस्थानक आहे, गिऱ्हाईक आहे. भाकरीचा भाव वडापावाहून दोन रुपये अधिक पडेल. तो द्यावा लागेल.

येथे आपल्या शहरातील सुस्थित मराठी घरांचा संबंध येतो. गावाकडची भाकरी गेली म्हणून हळहळणारे आपण लोक तीच भाकरी बाजारात दिसली की पहिला प्रश्न विचारतो, 'एवढी महाग कशी?' पिझ्झ्याला जो प्रश्न आपण विचारीत नाही तो भाकरीला विचारतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या ती आपणास फुकट मिळाली. आईने थापली, बायकोने थापली, घरकाम करणाऱ्या बाईने थापली. औरादची ज्वारी ताटात परत यावी असे वाटत असेल, तर तो जुना हिशेब आता चुकता करावा लागेल, आणि तोही रोख.